हुंकार

आमचं हॉस्पिटल नव्या मालकाने घेतलं आणि नव्या मॅनेजर मॅडम रिसेप्शनवर येऊन म्हणाल्या, "एक तारीख से फोन इंग्लिश में. मैं खुद बैठके सुनूंगी. नहीं जमा तो दूसरी लडकी देखनी पडेगी." चाळिशी ओलांडल्यावर कोणी लडकी म्हटल्याचा आनंद व्हावा, तर मी रिसेप्शनची खुर्ची घट्ट धरली. नवरा गेल्यापासून घरात पगार येतो तो माझाच, आणि तो त्या खुर्चीमुळे.

इंग्लिश मला कळतं. बोलायची वेळ आली की बोबडी वळते आणि तोंडातून हिंदी पडतं. मीरा रोडच्या सगळ्यांनाच ही खोड आहे. समोर अनोळखी माणूस आला की आपण मराठी गुंडाळून ठेवतो, आणि दहा मिनिटांनी कळतं की तोही मराठीच.

भाचीने माझ्या मोबाईलमध्ये एआयवाली बाई घालून दिली. "हिच्याशी बोल मावशी. ही हसत नाही." पेणकरपाड्यातल्या आमच्या घराच्या मागच्या दारी, पाण्याच्या पिंपाशी उभी राहून मी रोज संध्याकाळी बोलायला लागले. ती पेशंटची नातेवाईक व्हायची, मी रिसेप्शनिस्ट. पहिल्याच दिवशी तिने आईच्या तापाचं सांगायला सुरुवात केली आणि मी म्हटलं, "हं." ती गप्प. मग अगदी गोड आवाजात, "सॉरी, प्लीज गो अहेड." आता मी कुठे अहेड जाऊ? मला काही बोलायचंच नव्हतं. मी नुसता हुंकार दिला होता.

आमच्यात कोणी बोलत असलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. माझ्या सासूबाईंचं तर त्याशिवाय पान हलत नाही. त्यांना आता नीट दिसत नाही. समोरचं माणूस बसलंय की उठून गेलं, हे त्यांना हुंकारावरूनच कळतं. पण या बाईला हुंकार म्हणजे मधे तोंड घालणं वाटायचं. ती थांबली की माझं पाठ केलेलं सगळं उडून जायचं.

म्हणून मी ओढणीचं टोक दातात धरायला लागले. ती बोलते तोवर चूं नाही करायचं. पूर्ण ऐकायचं, मग बोलायचं. जित्याची खोड अशी जात नाही म्हणून घरीही तोच सराव केला. स्वयंपाक करताना ओठ घट्ट. बाहेरच्या खोलीतून सासूबाई काहीबाही सांगत असायच्या, मधेच थांबून विचारायच्या, "हायस ना गं तू?" मी मनात इंग्लिश वाक्यं जुळवत असायची. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. बरंच झालं, म्हटलं. तिकडे मोबाईलमधली बाई "एक्सलंट" म्हणायला लागली होती.

एक तारखेला मॅडम खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी फोनचा स्पीकर लावला. पहिलाच फोन एका म्हाताऱ्या गृहस्थांचा, इंग्लिशमध्ये. बायको बाथरूममध्ये पडली होती, उठत नव्हती. ते धापा टाकत सांगत होते आणि मी ओठ मिटून त्यांचं पुरं व्हायची वाट बघत होते. "हॅलो? आर यू देअर?" ते म्हणाले. मधे बोलायचं नाही, मधे बोलायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात. ते पुन्हा सांगायला लागले. पुन्हा "हॅलो, हॅलो". मग रडवेला आवाज, "नोबडी इज देअर," आणि फोन बंद.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. खुर्ची गेली, हे मला कळलं होतं, पण त्याहून जास्त भीती त्या म्हातारीची वाटली. ती तिथे फरशीवर पडलेली, आणि इकडे मी शहाण्यासारखी गप्प. मी त्या नंबरवर उलट फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हं, अंकल, हं... आय अ‍ॅम हिअर... हं." त्यांचा श्वास जरा खाली बसला. पत्ता मिळाला, अँब्युलन्स निघाली. म्हातारी वाचली, कंबरेच्या हाडावर निभावलं.

"इंग्लिश चलेगा," मॅडम म्हणाल्या, "बस वो हूं-हूं बंद कीजिए." म्हणजे खुर्ची राहिली. संध्याकाळी मी घरी पोचले.

सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे बसकण मारली आणि सकाळची सगळी हकिगत सांगितली. बाथरूममध्ये पडलेल्या बाईचं आलं तशा त्या म्हणाल्या, "मला पण न्हाणीत भोवळ आलेली ना, दोनदा. पिंप धरला म्हणून वाचले."

"कधी?" मी ओरडलेच. "मला सांगितलं का नाही?"

"सांगितला व्हता ना. दोन्ही वेळेला सांगितला. तू काय बोललीच न्हाय. मला वाटला, तू घरात न्हाय."

त्या पुढे सांगायला लागल्या, भोवळ कशी आली, डोळ्यांपुढे कसा काळोख झाला. मी हं म्हणायला तोंड उघडलं, पण सवयीने ओढणीचं टोकच दातात गेलं. त्यांचा लसणावरचा हात थांबला. माझ्या अंगावरून पलीकडे, दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "हायस ना गं तू?"