लावणीचं बोलावणं

दहिवली सोडली त्या दिवशी आमच्या शेतात लावणी चालू होती. सामानाचा टेंपो रस्त्याला उभा होता. आई चिखलातून वर आली नाही. वाकल्या वाकल्याच म्हणाली, "जा गं. पन लावणीला येत जा. तुज्यासारखी सरळ ओळ कोनाची येत नाय."

दिल्लीत बातम्यांच्या डेस्कवर बसले तरी ते वाक्य माझ्या नावावर होतं. दरवर्षी आईचा फोन यायचा, मी रजा टाकायची. गावाबाहेर पडलेल्यांना अशा फोनची किंमत ठाऊक आहे.

मग पाऊस बदलला. मधेच दडी मारू लागला. रोपं राबाच्या, म्हणजे भाजून तयार केलेल्या रोपवाफ्यातच जून व्हायची, लावायला चिखल नसायचा. माझी भावजय संगीता हिने नांगरणी बंद केली, राब भाजणंही. गादीवाफे एकदाच घातले आणि त्यांवर भाताचं बी थेट टोकलं. पावसाने ओढ दिली तेव्हा शेजारची खाचरं भेगाळली. तिचं भात उभं राहिलं.

हवामानबदलाच्या बातम्या मी रोज तपासते. ही बातमी मला नको होती. तिचं पीक बुडालं असतं, तर मला बरं वाटलं असतं. लावणीच उरली नाही, तर मला बोलावणार कशाला? त्या वर्षी फोन आला नाही. पुढेही नाही.

यंदा न बोलावता गेले. कापणी उरकली होती. जुन्या सवयीने मी धसकटं उपटून वाफा साफ करू लागले.

"वन्सं, मुळं नका काढू! जमिनीत कुजली की त्यांचंच खत व्हतं," संगीता ओरडली.

बांधावर बसलेली आई हसली. "रागावू नको गं तिला. पावनी हाय ती."

पावनी. मी हात झटकले.

संगीताने ओंजळभर वाल पुढे केले. "धरा. धसकटांच्या मधे टोका. पाय सरीतच ठेवा, नायतर आत्याबाई मलाच बोलतील."

एका वाफ्यावर ती, शेजारच्या वाफ्यावर मी. मी मान वर केली नाही. टोकापाशी पोचले तेव्हा मागून आईचा आवाज आला, "सरळ आलीय गं ओळ."

मी वळून पाहिलं. आई संगीताच्या वाफ्याकडे बघत होती.

घर म्हणजे आता काय, असं कुणी विचारलं तर मला तेवढंच सांगता येतं: आईने माझ्याही ओळीकडे बघावं म्हणून मी जिथे अजून वाकते, ती जागा. मी पुढच्या वाफ्याला लागले.