पाइप सोडण्याआधी

दुष्काळात भोकरकडच्या आमच्या शाळेवर टँकर यायचा. ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. टाकीत पाइप सोडण्याआधी तो स्टीलचा पेला भरायचा, वास घ्यायचा, डोळे मिटून सावकाश प्यायचा आणि म्हणायचा, "हाव, चालतंय." मला ते नाटक वाटायचं.

एका दुपारी त्यानं घोट घेतला आणि थुंकला. "न्हाई गुरुजी, हे लेकरायला न्हाई द्यायचं."

हंडे घेऊन बसलेल्या बाया त्याच्यावर चिडल्या. मीही म्हणालो, "उकळून घेऊ, पण परत नेऊ नका."

व्हरांड्यातल्या टेबलावर मी घरून आणलेली पाण्याची बाटली होती. तिच्याकडं बघत त्यानं पेला माझ्यापुढं केला. "तुमी पिता का मग?"

मी हात पुढं केला नाही. तो टँकर घेऊन गेला.

दिवस मावळायच्या आत तो दुसऱ्या विहिरीचं पाणी घेऊन आला. बाया तिथंच बसून होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी बाटली आणणं सोडलं. तरी दर खेपेला तो स्वतः पिऊन झाल्यावर पेला पुन्हा भरायचा, माझ्या हातात द्यायचा, आणि मी "चालतंय" म्हणेपर्यंत पाइपला हात लावायचा नाही.