जास्त मतांचे पेढे

अमेरिकेच्या निवडणुकीत एका उमेदवाराला देशभरात जास्त मतं पडल्याचं टीव्हीवर पाहिलं आणि मी दूध पावडरचे पेढे करून ऑफिसात वाटले. सन दोन हजारची गोष्ट. सिंगापूरच्या एका अमेरिकन कंपनीत मी इंजिनियर होते. जास्त मतं म्हणजे जिंकला, आमच्या विदर्भात तरी दुसरा अर्थ नाही!

माझ्या अमेरिकन साहेबाने पेढा खात खात समजावलं. तिथे राष्ट्राध्यक्ष राज्यांच्या प्रतिनिधींच्या मतांवर ठरतो. राज्यात जो पुढे, त्याला बहुतेक ठिकाणी तिथली सगळी मतं. छोट्या राज्याला लोकवस्तीच्या मानाने जास्त. म्हणजे कुणाचं मत जड, कुणाचं हलकं. पुढे एका राज्याच्या फेरमोजणीचं भांडण कोर्टात मिटलं आणि कमी मतांचा माणूस निवडून आला. माझं डोकंच फिरलं.

सिंगापुरातच टॅम्पिनीस भागात रविवारी मराठी मंडळी जेवायला जमली. माझ्या पेढ्यांची फजिती ऐकून एक बँकवाले काका भलतेच खूश होते. "नुसती डोकी मोजणं म्हणजे लोकशाही नव्हे. आपल्याकडेही शिकलेल्यांच्या मताला वजन हवं. काय हो, पेढे फुकट गेले ना? पुढच्या रविवारी चूक कबूल करा, सगळ्यांसमोर!" सगळे हसले. माझी शाळकरी लेक सिंगापुरी पोरांसारखा शेवटी 'ला' लावून कानात म्हणाली, "आई, जस्ट से सॉरी ला."

वुडलँड्सला घरी परतताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, मी तिला सांगितलं. गावात पाटलाच्या ओसरीवर तुझ्या आजोबांना चढू देत नसत. मतदानाला मात्र दोघांची रांग एक, पेटी एक. आजोबा धुतलेला सदरा घालून जायचे आणि आल्यावर म्हणायचे, "आज पाटील आन् मी सारखे." मी सॉरी म्हटलं, तर त्यांचा तेवढा एक दिवसही मीच काढून घेतला असं होईल.

पुढच्या रविवारी मी पुन्हा पेढे केले.

"मग? चूक कबूल?" काकांनी विचारलं.

"मुळीच नाही. ज्याला जास्त मतं, त्याचेच हे पेढे. अमेरिकेचा कायदा अमेरिकेला लखलाभ!"

कुणी हसलं नाही. लेकीने माझ्या हातून डबा घेतला आणि वाटत काकांपर्यंत गेली. त्यांनी दोन पेढे उचलले. "मोठ्यांना दोन," ते म्हणाले.

"नो ला, अंकल," ती म्हणाली आणि डबा पुढे धरून उभीच राहिली. "एकाला एकच."

काकांनी एक पेढा परत ठेवला.