आईनं आज मला जोडीतून काढलं!

बायांनो, अजून हसू थांबत नाही, म्हणून आधी तुम्हालाच सांगते!

आमच्या दिग्रसच्या मायलेकींच्या ग्रुपात वर्गणी जोडीनंच द्यायची, हा पहिल्यापासूनचा नियम. एक माय आणि तिची लेक. त्यातून विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींच्या मेसची सोय होते.

आज दुपारी आम्ही सगळ्या जमलो होतो, तेव्हा रुखसार पेढे घेऊन आली. शिकत होती तोवर तिची मेस आमच्याच वर्गणीतून चालायची. आता तिला अमरावतीत नोकरी लागली!

"मलेही वर्गणी द्यायची हाय," ती म्हणाली. मग हळूच, "पण मले माय नाही ना. जोडी कोणासंग लावू?"

लगेच सगळ्या मायांचा एकच गलका! "माह्यासंग!" "नाही, माह्यासंग!"

माझी आई तर पदर खोचून उभीच राहिली. "हे पोरगी माह्याच जोडीत येईन! आमची लेक तशीबी वर्गणीसाठी दर महिन्याले मले आपल्या मागं फिरवते."

रुखसार रडता रडता हसली. आईनं तिचाच पेढा तिला भरवला.

तर आता मी जोडीशिवाय आहे. तुमच्यापैकी कोणाच्या मायले एक जास्तीची लेक पाहिजे का?