मोहावरचा सालीचा नाकतोडा

एकाच शाळेत पुष्कळ वर्षे काढली की डोक्यात धड्यांपेक्षा किस्सेच अधिक उरतात. माझ्याकडचे बरेचसे एका किड्याभोवती जमले आहेत. जसे घडले तसेच सांगते. तिखटमीठ लावण्याची मला सवय नाही.

छप्पन साली आमचा पांढरकवडा मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या एकदोन वर्षांतली ही हकीकत. मी जुनी मॅट्रिक. मुलींच्या शाळेत निसर्ग-अभ्यासाचा तास माझ्याकडे होता. आवारातल्या मोहाच्या खोडावर मला एक नाकतोडा आढळला. रंग सालीचा, खरबरीतपणाही सालीचाच. पंख खोडाला चिकटवून, अंगाहून लांब मिशा जुळवून पुढे धरून तो दिवसभर निश्चल बसे.

हेडमास्तरांना तो कधीच दिसला नाही. नसलेला किडा मुलींना शिकवणे ही शुद्ध थाप आहे, असे त्यांचे मत. तपासनीस साहेब आले की हा तास काढून शिवणकामाला देण्याची शिफारस करणार, हे त्यांनी मला तोंडावर सांगितले. तास सोडायचा नाही, हे मी तिथेच ठरवले.

*

साक्षीदार हवा म्हणून आमची शिपाईण लच्छीबाई हिला खोडापुढे उभे केले. बाई तांड्यावरची, नजर तीक्ष्ण. माझ्या बोटाच्या रोखाने तिने बराच वेळ पाहिले.

"बाई, मले तं निस्ती साल दिसून राह्यली. तुमी शिकेल हा, तुमाले दिसत असंन."

*

मग ड्रॉइंग मास्तरांना चित्र काढण्याची विनंती केली. त्यांनी पूर्ण तासभर उभे राहून, बारीक पेन्सिलीने, छायेसह सुरेख चित्र काढले. नाकतोडा त्या वेळी वीतभर वर बसला होता. मास्तरांनी सालीच्या एका गाठीचे चित्र काढले होते. पुढे कित्येक वर्षे ते मी 'झाडाची साल' या धड्याला वापरले.

*

या नाकतोड्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्यापाशी असतात, हे मी वर्गात सांगत होते. हेडमास्तर दारात उभे होते.

"मग याला शिक्षा करायची तर काय धरायला लावाल, बाई?"

"गुडघे," मी म्हटले. "पाय सहा आहेत, पडणार नाही."

*

तपासणीच्या आदल्या दिवशी प्रथेप्रमाणे आवारातल्या सगळ्या झाडांना चुना लावून वर गेरूचा पट्टा ओढला गेला. मोहही पांढराशुभ्र. नाकतोडा आता गेलाच, असे मी धरून चालले.

सकाळी हेडमास्तरांनी साहेबांपुढे आपली शिफारस मांडली. मग साहेब आवार पाहत मोहापाशी थांबले आणि छडीने दाखवत म्हणाले, "इथे चुना राहिला आहे." कारकुनाने तत्परतेने टिपून घेतले. हेडमास्तरांनी लच्छीबाईवर डोळे वटारले.

मी पुढे झाले. "साहेब, त्या जागेला जरा बोट लावून पाहावे."

साहेबांनी लावले. ती जागा सहा पायांवर उठली आणि गेरूच्या पट्ट्याकडे चालू लागली. खाली चुना होता.

साहेबांनी छडी काखेत धरली. मग कारकुनाकडे वळले.

"ते खोडा. चुना पूर्ण आहे, असे लिहा. आणि तास बाईंकडेच."