भाऊसाहेबांच्या जीपचा एसी

मूर्खपणा रोज थोडा थोडा होत असेल तर तो लक्षात येत नाही. आपण मनातल्या मनात चडफडतो आणि पुढच्या तासाला वर्गावर जातो. मग एखाद्या रविवारी मित्र विचारतात, "काय चाललंय शाळेत?" एक गोष्ट सांगायला घ्यावी, तर तिच्यामागे अख्खी रांग उभी असते. आमच्याकडे ही रांग एका एसीपासून सुरू झाली.

सालेकसा भागात आमची निवासी शाळा आहे. मी तिथे कंत्राटावर विज्ञान शिकवतो. आमच्या काही मुलांना सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्यांना दर महिन्याला गोंदियाच्या दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून एका दात्याने शाळेला एसी असलेली व्हॅन दिली. ऊन लागलं, अंगातलं पाणी कमी झालं, की या मुलांचे हातपाय असे दुखतात की पाहवत नाही. सातवीतल्या रोशनीला हा त्रास सगळ्यांत जास्त. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, तिला उन्हातून आणू नका.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांची एक जुनी जीप आहे. तिच्यातून प्रचार करून ते पहिली निवडणूक जिंकले, त्यामुळे जीप शुभ आहे आणि विकायची नाही. तिला एसी नव्हता. होळीच्या सुमारास भाऊसाहेबांना गरम होऊ लागलं.

* * *

भाऊसाहेबांनी बैठक बोलावली. म्हणाले, "व्हॅन महिन्यातून एकदा चालते. बाकीचे दिवस एसी नुसता बसून राहते. संस्थेची वस्तू वाया जाऊन राहिली."

मी म्हणालो, "साहेब, आग विझवायचं सिलिंडरही रोज कुठे वापरतो आपण?"

मुख्याध्यापकांनी टेबलाखाली माझा पाय दाबला. भाऊसाहेबांनी मात्र माझं म्हणणं गंभीरपणे घेतलं.

"तो बी पाहून घेऊ. जीपमध्ये बसते का तो?"

* * *

काम गोंदियाच्या मुन्ना मिस्त्रीकडे गेलं. व्हॅन आणि जीप शेजारी शेजारी उभ्या करून तो म्हणाला, "टेन्शन मत लो सर. दोनों का ब्लड ग्रुप एक ही है."

मग कळलं की व्हॅनचा कॉम्प्रेसर जीपच्या इंजिनावर बसत नाही. त्याने वेल्डिंग करून बसवला. कूलिंग युनिट आत जात नव्हतं, तर डॅशबोर्ड कापला. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बांधला. सगळं झाल्यावर त्याच्या हातात कंडेन्सरचा पंखा उरला. त्याला जागाच नव्हती.

"ये एक्स्ट्रा निकला," मिस्त्री म्हणाला.

मी सांगितलं की रेडिएटरची हवा आता अडली आहे, पंखा नसेल तर चढावर इंजिन तापणार.

"सर, आप बच्चों को पढ़ाओ. गाड़ी चलेगी तो हवा अपने आप आएगी."

* * *

पहिल्याच फेरीला भाऊसाहेबांनी एसी लावायला सांगितला आणि स्वतःच्या बाजूची काच खाली केली. ड्रायव्हर सोमाजी म्हणाला, "साहेब, काच लावा ना. हवा बाहेर जाऊन राहिली."

"काच लावली तर लोकांना मी दिसीन कसा?"

पुढे महिनाभर ती जीप अशीच फिरली. आत एसी, बाहेर साहेबांचा हात. रस्त्याच्या कुठल्याही बाजूने कुणी हात जोडलेच, तर साहेबांनाही जोडता यावेत म्हणून दोन्ही काचा खाली!

* * *

एकदा मुख्याध्यापक भाऊसाहेबांबरोबर आमगावला निघाले. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं, आणि हे शाल घेऊन आले. मागच्या सीटवर ती अंगाभोवती गुंडाळून म्हणाले, "साहेब, थंडी वाजून राहिली. मिस्त्रीनं कामच तसं केलं."

भाऊसाहेब खूश झाले.

सोमाजीने आरशातून मागे पाहिलं. "गुरुजी, मी एसी अजून चालूच नाही केला."

मुख्याध्यापकांनी शाल काढली नाही.

* * *

एप्रिलमध्ये मुलांना न्यायची तारीख आली. व्हॅनच्या खिडक्यांना ओले टॉवेल बांधून मी त्यांना घेऊन निघालो. अर्ध्या रस्त्यातच रोशनीचे गुडघे धरले. गोंदियाला पोचेपर्यंत ती रडायचीही थांबली होती, नुसती दात आवळून बसली होती. डॉक्टरांनी तिला भरती केलं आणि मला चांगलंच सुनावलं. मला सुनावलं याचं काही नाही, पण ज्याला सुनवायला हवं होतं तो माणूस तिथे नव्हता.

मी दवाखान्यातूनच भाऊसाहेबांना फोन केला. म्हणालो, "एसी परत द्या. पुढच्या वेळी ही पोरगी वाचेल की नाही, सांगता येत नाही."

ते हळहळले. म्हणाले, "पोरीला फळं पाठवतो."

संध्याकाळी जीप आली. सोमाजी द्राक्षांची पेटी घेऊन वर आला. पेटी गारेगार होती.

"आज काचा लावून आणली," सोमाजी माझ्याकडे न पाहता म्हणाला. "साहेब म्हणाले, उन्हानं द्राक्षं खराब नाही झाली पाह्यजेत."

* * *

त्यानंतर आठवड्याभरात नागपूरहून एक वजनदार पाहुणे कचारगडच्या डोंगरातल्या गुहा पाहायला आले. पुढच्या निवडणुकीच्या तिकिटाचं त्यांच्या हातात होतं, म्हणून भाऊसाहेबांनी त्यांना आपल्या शुभ जीपमध्ये बसवलं. चढावर इंजिन उकळलं. बॉनेटमधून वाफ निघू लागली. भाऊसाहेब टोपीने रेडिएटरला वारा घालत होते, तेवढ्यात मागून त्यांच्या विरोधकाची गाडी आली आणि पाहुण्यांना घेऊन वर गेली.

भाऊसाहेब घरी आले ते फणफणत. "हा एसी पनवती होय. उद्याच्या उद्या काढा."

मी पोरीच्या जिवाचं सांगून हरलो होतो. रेडिएटरने एका दुपारीत काम केलं.

* * *

एसी पंख्यासकट व्हॅनमध्ये परत बसला. मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर बॅनर लागलं: 'मा. भाऊसाहेबांतर्फे विद्यार्थ्यांना एसी भेट'.

समारंभ दुपारी. पाहुण्यांवर मांडव, मुलं मैदानात. दवाखान्यातून नुकतीच आलेली रोशनी पहिल्या रांगेत, कारण फोटोत आजारी मूल हवं. मी सगळ्या सिकलसेलच्या मुलांना उठवून व्हरांड्यात नेलं. मुख्याध्यापक धावत आले. "अहो सर, काऊन उठवून राहिले? फोटोत मैदान रिकामं दिसते."

"तुम्ही जाऊन बसा," मी म्हणालो. "शाल घेऊन."

माझं कंत्राट पुढे वाढेल असं आता मला वाटत नाही.

शेवटी फीत कापायची वेळ आली. रोशनीला बोलावून व्हॅनमध्ये बसवलं. सोमाजीने एसी सुरू केला, टाळ्या झाल्या. फोटोवाल्याने खूण केली तसे भाऊसाहेब दारातून आत वाकले आणि त्यांनी माईक तिच्या तोंडापुढे धरला.

"बोल बेटा. कशी वाटून राहिली आमची हवा?"

रोशनीने जाळीपुढे हात धरला. जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग माईकमध्ये म्हणाली,

"पहिले होती तशीच आहे."