कासव सोडवणारी सुरी

"दादा गेला," वामनची बहीण हिराताई फोनवर एवढंच म्हणाल्या. मुरबे या त्यांच्या गावी पोचलो तेव्हा वामनच्या पडवीत पालघरच्या कॉलेजातले त्याचे विद्यार्थी बसले होते आणि गावातली दर्यावर जाणारी माणसंही. मी भिंतीला टेकलो. इतकी वर्षं ज्या मित्राशी कडाकडा भांडलो तो वाद अर्धवट टाकून गेला, याचा मला चक्क राग आला होता.

आमचं भांडण एकच. मी बोईसरच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात होतो. माझ्या लेखी नियम म्हणजे माणसांनी लिहिलेला, सहीशिक्क्याचा. वामन तत्त्वज्ञान शिकवायचा. तो विचारायचा, "मग एखादा कायदा वाईट आहे हे तुला कशावरून कळतं?" त्याच्या मते बऱ्यावाईटाचं मूळ माणसाच्या स्वभावातच आहे. जगावं, मुलं वाढवावीत, खरं जाणून घ्यावं, चारचौघांत राहावं, ही माणसाची उपजत ओढ. बुद्धीनं ती ओळखायची आणि तिच्या मुळावर येईल असं काही करायचं नाही. "निसर्गात मोठा मासा लहान माशाला खातो," मी डिवचायचो. "मासा विचार करत नाही. तू करतोस... निदान करावास," तो हसून म्हणायचा.

मुरब्यात जाळ्यात कासव आलं की हळदकुंकू लावून सोडतात. एकदा सुट्टीत वामन दर्यावर गेला आणि कासव असं गुरफटलं की त्यानं वडिलांचं चांगलं जाळं कापलं. "नुकसान केलंस की," मी म्हटलं. "जाळं फाटणार हे ठाऊक होतं. पण सुरी उचलली ती कासवासाठी. जाळं फाडायचं म्हणून फाडलं नाही रे, कासव सोडवताना ते फाटलं. आणि जिवापुढे जाळं काय मोठं?" मी याला शब्दांचा कीस म्हणालो होतो.

मग कॅन्सर त्याच्या हाडांत उतरला. शेवटी त्याला बोलता येईना, नुसता कण्हायचा. डॉक्टर म्हणाले, औषध वाढवलं तर वेदना थांबतील, पण कदाचित श्वासही मंदावेल. वामननं लग्न केलं नव्हतं. ठरवायचं होतं ते पाठच्या बहिणीनं, हिराताईंनी. "म्हंजे मीच माज्या भावाला मारायचा काय?" त्या मला म्हणाल्या. माझ्याजवळ नियमांचा ढीग होता, त्यातला एकही कामाचा नव्हता. मी त्यांना कासवाची आठवण करून दिली. "जाळं फाटेल कदाचित, ताई. पण सुरी त्यासाठी नाही, त्याला दुखण्यातून सोडवायला आहे." त्या बराच वेळ वामनचे पाय चोळत राहिल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "त्याचा दुखना थांबवा." वामनच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. दुसऱ्या दिवशी तो गेला.

औषधानं गेला की आजारानं, हे कुणालाच सांगता येणार नाही. वामननं मला पटवायला आयुष्य घालवलं, आणि पटलं तेव्हा ऐकायला तो शुद्धीत नव्हता. याचं मला फार वाईट वाटतं.

परवा मुरब्याला गेलो होतो. ते कापलेलं जाळं अजून पडवीत टांगलेलं आहे; भोक वामननं अर्धं विणून ठेवलं होतं, ते तसंच आहे. हिराताई त्याच्याखाली बसल्या होत्या. "भाऊ, मी कासवच सोडवला ना?"

"हो, ताई."

त्यांनी मान हलवली, चहा केला, दोघांनी प्यायला. मी चपला घालत असताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं.